मिरचीपुढची जागा

आई, डंक यंदा चालू राहिला. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणाचंही पत्र तुला वाचून दाखवायला घेतलं की दुसऱ्या ओळीलाच तू म्हणायचीस, "ख्यालीखुशाली ऱ्हाऊ दे, काम काय हाय ते वाच." तर काम एवढंच आहे. जागा भाड्यानं गेली नाही. मिरची कुटायची मोटार तीच आहे, खल तेच आहेत, आणि फाल्गुन लागला की गल्लीतली मांजरं पूर्वीसारखीच शिंकत पळतात. तुझी आठवण अनावर झाली म्हणून लिहायला बसलेय असं मात्र समजू नकोस. आपल्या दोघींचं तसं कधी नव्हतं. तू गेलीस तेव्हा बायका मला धरायला पुढं आल्या आणि मी कोरडी ठणठणीत उभी होते, हे पेठेनं बरेच दिवस चघळलं. पण यंदा एक दिवस असा गेला की तो तू बघायला हवा होता. तुला आवडला असता असं नाही. तू त्यात चिक्कार चुका काढल्या असत्यास, आणि त्या सगळ्या बरोबर असत्या.

तुझ्यामागं दादानं माणूस ठेवून डंक चालवला. मी शाळेतली कारकुनी केली, ती संपली तेव्हा डंक माझ्या गळ्यात पडला. म्हणजे मीच मागून घेतला, पण गळ्यात पडला म्हणायची पद्धत आहे. तोवर दिवस पालटले होते. पूर्वी उन्हाळ्यात पेठेतल्या प्रत्येक गच्चीवर मिरची वाळत असायची. देठं खुडून, मसाला तळून, डबे घेऊन बायका आपल्या दारात रांग लावायच्या आणि वर्षाचं तिखट, आपली चटणी, एका दमात करून मोकळ्या व्हायच्या. आता चटणी पाकिटातून महिन्याच्या किराण्याबरोबर घरात येते. ती पाकिटं तुझ्या शेवटच्या काळात दुकानांत दिसायला लागली होती, आणि तू त्यांना 'बिनतोंडाची चटणी' म्हणायचीस. कुणी पिकवली, कुणी कुटली, काही कळत नाही म्हणून. आता सगळीकडं तीच. उन्हाळाभर धडधडणारा डंक थोड्या दिवसांवर आला, आणि बाकीचं वर्ष ती लोखंडी मुसळं नुसती उभी, त्यांना टेकून दादाच्या नातवंडांच्या सायकली.

दादाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण जागेसाठी त्याच्या मागं लागला होता, आणि दादाच्या धाकट्याचं शिक्षण अजून पुण्यात चालू आहे. "भंगारात घातलं तर निदान लोखंडाचं तरी काय यील," दादा म्हणाला. मी म्हटलं, मला एक उन्हाळा दे. "दिला की," तो म्हणाला, "पण पावसाच्या आत चाललं पायजे. न्हायतर मी त्याला चावी देणार, मग तोंड फुगवायचं न्हाय." ठरलं.

तुझ्या डंकावर नियम एकच. जिची मिरची, तिनं मिरचीपुढं बसायचं. मुसळं वर जातायत, खाली आदळतायत, लाल भुगा उडतोय, आणि समोरच्या लाकडी पाटावर तोंडाला पदर लावून ती बाई बसलेली. कुणी म्हणालं, "आमचा इस्वास हाय की तुमच्यावर, जाऊन येतो," की तू मोटार बंद करायचीस. आपल्या घरची मिरची सगळ्यांची झाल्यावर, हंगामाच्या अगदी शेवटी कुटायची. तेव्हा बटण दादाच्या हाती देऊन तू स्वतः त्या पाटावर जाऊन बसायचीस, मालकीण असलीस तरी.

चाचीचा प्रसंग तुला आठवत असेलच. समोरच्या बोळातलं गाद्या भरणाऱ्यांचं घर, आणि चाची तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. तिची मिरची खलात पडली आणि घरनं बोलावणं आलं, सासू मोरीत घसरली म्हणून. ती तशीच पळाली. मागं रांग पार तालमीच्या पायरीपर्यंत, सगळ्या घामाघूम, आणि दादा बटणापाशी उभा, हाफ चड्डीतला. तो म्हणाला, "कुटून टाकूया की. कोण बघतंय?" तुझ्या हातात भुगा ढवळायची काठी होती. ती फाडकन त्याच्या दंडावर बसली. "मी बघतोय की," तू म्हणालीस, आपल्याकडच्या बायका बोलतात तशी, येतो-जातो करत. मग तू चाचीच्या पाटावर जाऊन बसलीस, तिच्या मिरचीकडं तोंड करून, आणि दादाला म्हणालीस, "आता लाव." रांगेतली एक जण कुरकुरली, "तुमीच हितं बसलासा तर आमचं कोण बघायचं?" तू तिच्याकडं बघितलंही नाहीस. "तिची मिरची हाय. तिच्या बाजूनं कोण नको व्हय हितं?" एवढं बोलून पदर नाकाला लावलास. दादा दंड चोळत उभा, आणि मी दारात बसून लसूण सोलतेय.

मला त्या डंकाचा राग होता. लपवत नाही, तुलाही ठाऊक होतं. कॉलेजात माझ्या बाकावरची मुलगी एक दिवस उठून पुढच्या बाकावर गेली. माझ्या केसांना चटणीचा वास येतो म्हणाली. घरी येऊन मी पुस्तकं आपटली आणि तुला वाट्टेल ते बोलले. तू आमटी ढवळत होतीस. मागं न वळता म्हणालीस, "तिच्या घरची आमटी काय पांढरी असती काय?" मला तेव्हा हसू आलं नाही, आता येतं. दुसऱ्या दिवशी मोरीतल्या फळीवर चंदनाचा साबण होता, कागदासकट. आपल्या घरात तोवर अंगाला आणि कपड्यांना एकच वडी चालायची. साबण कुणी आणला हे तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. मी तो पुरवून पुरवून वापरला.

उन्हाळा मागून घेतला खरा, पण करायचं काय ते माहीत नव्हतं. कोडोलीची एक मावशी आहे. घरचा ऊस, पण बांधालगतच्या पट्ट्यावर ती आणि तिच्या शेजारच्या बायका आपली गावरान, जवारी मिरची लावतात. आजवर मिरची व्यापाऱ्याच्या पोत्यात ओतायची आणि घरी जायचं. पुढं ती कुठं गेली, कुणी खाल्ली, काही पत्ता नाही. आमची गाठ घालून दिली एका संस्थेतल्या मुलीनं. तरतरीत पोरगी, जिभेवर साखर, पण शब्द असे की तुला डुलकी लागली असती. सामाजिक अर्थव्यवस्था. न्याय्य व्यापार. उत्पादक-ग्राहक संवाद. मी म्हटलं, "बाई गं, जरा समजंल असं सांग की." मग तिनं सांगितलं ते असं. भाव पिकवणारीनं सांगायचा. घेणाऱ्यानं तिचं तोंड बघून घ्यायचं. मधल्या मध्ये कुणी गडप करायचं नाही, आणि काम सगळ्या बायकांनी वाटून घ्यायचं. मला पटलं. कोडोलीच्या बायकांनी मिरची द्यायची, पेठेतल्या बायकांनी देठं खुडायची, मसाला तळायचा, मी कुटायचं. राहिले खाणारे. त्यांच्यासाठी तालमीसमोरच्या पटांगणात, म्हणजे आपल्या डंकाचं दार जिथं उघडतं तिथंच, एक दिवसाचा बाजार भरवायचा. गूळवाले, घोंगडीवाले, चपला शिवणारे, जे जे करणारे ते स्वतः माल घेऊन बसणार. आणि पेठेतल्या घरांनी त्या दिवशी आम्हाला शब्द द्यायचा, की वर्षाची चटणी इथूनच. शब्द मिळाले तर डंक राहणार आणि बायका पुढच्या पावसाला पुन्हा मिरची लावणार. नाही मिळाले तर चावी कव्हरवाल्याला.

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन चटकतंय. मांडव घातलाय, टेबलांवर पांढरी कापडं, प्रत्येकापुढं पाटी, 'उत्पादकांना भेटा'. आणि मांडवाच्या तोंडाशी मोठा फलक, 'येथे घासाघीस करू नये'. संस्थेतल्या मुलीचा हेतू चांगला होता, पिकवणारीचा भाव कुणी पाडू नये हा. पण शिवाजी पेठेत असा फलक! बायका येतात, फलक वाचतात, आणि लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरल्यासारख्या गप्प होतात. एक म्हातारी मला म्हणाली, "बोलायचंच न्हाय तर घ्यायचं कसं गं?" आणि तशीच माघारी गेली. बाहेरगावचं पावणं आलंय ते मावशीची मिरची हातात धरून स्वतःचे फोटो काढतंय आणि पुढं काकवी चाखायला जातंय. मावशी नवी साडी नेसून टेबलामागं उभी. "मला व्यापाऱ्यापुढं तरी बोलाय येत हुतं," ती म्हणाली, आणि मला तिचं तोंड बघवेना. डंक बंद ठेवा, पाहुण्यांना ठसका लागेल, असं मुलीनं हात जोडून सांगितलं होतं, म्हणून दार ओढून घेतलेलं. माईकवर प्रमुख पाहुण्यांचं भाषण चाललंय. दुपारी पेठेच्या संघाचा फुटबॉलचा सामना, त्यानंतर इथं कुत्रंसुद्धा फिरकणार नाही हे मला पक्कं माहीत. आतापर्यंत एकाही घरानं शब्द दिलेला नाही. आणि कोपऱ्यात दादा उभा, त्याच्या शेजारी तो कव्हरवाला, डंकाचं दार न्याहाळत.

माझं डोकं फिरलं. कुणाला विचारलं नाही. मावशीच्या टेबलाखालचं पोतं उचललं, दार उघडलं, मिरची खलात ओतली आणि बटण दाबलं. आता मार कपाळावर हात. दाराला ओलं पोतं बांधायचं विसरले! तू जन्मभर आधी पोतं भिजवायचीस आणि मग मोटार लावायचीस, आणि मी तुझी लेक, डोक्यात राख घालून उघड्या दारानं जवारी मिरची कुटतेय. वारंही नेमकं मांडवाच्या दिशेला. पाहुण्यांचं वाक्य अर्ध्यात राहिलं ते राहिलंच. सगळा मांडव शिंकतोय, खोकतोय, फोटोवाले रुमाल लावून पळतायत. मुलगी डोळे पुसत माझ्याकडं बघत होती आणि चांगलीच चिडली होती. चिडायलाच हवं होतं.

आणि बोळाबोळातून बायका बाहेर यायला लागल्या. पदर नाकाला, पण पावलं इकडंच. आपल्याकडं ठसक्यावरनं मिरची ओळखतात, हे त्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं. "जवारी दिसती गं." "कुणाच्या शेतातली?" "केवढ्याला म्हणायलीय?" त्या फलकाच्या खाली उभं राहूनच घासाघीस सुरू झाली. चाची आली, आता काठी टेकत चालते. दारात शिंकली, "या अल्ला" म्हणाली, आणि तिची नजर पाटाकडं गेली. पाट रिकामा. "मिरची कुणाची हाय ही?" मी मावशीकडं बोट केलं. "आन ती तिकडं टेबलामागं काय करायलीय? तुझ्या आईच्या डंकावर रिकाम्या पाटापुढं कुटाय लागलीस व्हय?" मी गुमान मोटार बंद केली. चाचीनं मावशीला हाताला धरून आणलं. मावशी म्हणते, "मी कशाला?" चाची म्हणाली, "तुझी हाय म्हणून. बस."

मावशीनं उभा जन्म मिरची पिकवली, पण तिची चटणी होताना अशी समोर बसून कधी बघितली नव्हती. नाकाडोळ्यांतनं पाणी वाहतंय, तरी उठेना. बराच वेळ बघत राहिली, मग कुणालाच असं नाही, पण विचारलं, "ही कुणाच्या घरात जाणार?"

"माझ्या," चाची म्हणाली. "पर तू म्हणतीस त्या भावानं न्हाय."

सगळ्या हसल्या. मावशीही हसली, आणि तिथून तिची जीभ सुटली. उन्हात पाठ कशी भाजते, पाणी रात्री-अपरात्री कसं सोडतात, सगळं ऐकवलं तिनं. भाव सोडला नाही. पण चाचीच्या डब्यात मूठभर वर घातली, आणि चाचीनं खूश होऊन मान डोलावली. "वर्षाची माझी धर," म्हणाली. मग दुसरी म्हणाली, मग तिच्या जावेनं. संस्थेतली मुलगी हे सगळं बघत उभी होती. थोड्या वेळानं तिनं तो फलक स्वतःच्या हातानं काढून मांडवामागं नेऊन ठेवला, आणि पोतं भिजवून दाराला बांधलं तेही तिनंच. पोरगी चांगली आहे, मी उगाच तिच्या शब्दांना हसते.

सामन्याची वेळ होईपर्यंत शब्द येत राहिले. मग मावशीच्या एसटीची वेळ झाली. तिची शेवटची खेप खलात पडलेली. ती पाटावरनं उठली, पुन्हा बसली. "ऱ्हाऊ दे, बंद करा. उद्या परत येतो," म्हणाली. म्हणजे तिचा आणखी एक दिवस मोडणार. मी डबे भरण्यात होते म्हणून बटणापाशी दादा आला होता, जुन्या सवयीनं. तो म्हणाला, "जावा की मावशी, कुटून टाकतो. कोण बघतंय?"

म्हणाला आणि थांबला. चाची भिंतीला टेकून बसली होती. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली. दादाचा हात दंडाकडं गेला. केस पिकलेला माणूस, आई, आणि दंड चोळतोय! मला फस्सकन हसू आलं. त्यानं बटण माझ्याकडं सोडलं, चपला काढल्या आणि मावशीच्या पाटावर जाऊन बसला, तिच्या मिरचीकडं तोंड करून. "लाव," म्हणाला. मावशी निर्धास्त एसटीला गेली. दारात कव्हरवाला, "काका, टेप आणलाय, मापं घेऊ काय?" म्हणतोय, आणि दादा शिंकांमधून हातानंच त्याला थांब म्हणतोय. तिकडं सामना सुरू झाल्याचा ओरडा उठला. आपल्या पेठेचा सामना दादानं कधी सोडलेला नाही, पण तो हलला नाही. मिरची झाली, डबा बंद झाला, तेव्हा उठून तोंड धुवून आला. "त्या पोराला मी सांगतो दुसरी जागा बघ म्हणून," म्हणाला. "आन पुढच्या खेपंला आदी पोतं भिजव. आई असती तर हाणली असती तुला."

सगळं सोनं झालं असं काही नाही. शब्द दिलेल्यांतल्या काही जणी फिरल्याच. एकीनं सुनेचं नाव पुढं केलं, एकीनं दम्याचं. प्रमुख पाहुणे अजून माझ्याकडं बघून मान फिरवतात. पण चैत्र-वैशाख डंक चालला. कोडोलीच्या बायका आळीपाळीनं येऊन पाटावर बसल्या, आणि पेठेतल्या घेणाऱ्या बायकाही, "सरक जरा, मला पण बघू दे," म्हणत शेजारी बसायला लागल्या. दुसरा पाट आणला. पावसाच्या तोंडाला मावशीचा फोन आला, पुढच्या मिरचीच्या रोपांचा तरू टाकलाय म्हणून. दादानं सायकली तिथनं हलवल्या.

आता राहिलेलं सांगते. आपल्या घरची मिरची सगळ्यांच्या मागनं, ही तुझी पद्धत मी मोडली नाही. देठं खुडून, ऊन दाखवून पोतं माळ्यावर ठेवलं होतं. वहिनीनं मसाला तळून ठेवला. हंगामातली शेवटची बाई डबा घेऊन गेली, तेव्हा दादा म्हणाला, "आण आपली. मी बसतो." त्यानं चपला काढल्यासुद्धा. मी म्हटलं, मोटारीचा पट्टा तुटलाय, आता पाऊस उघडल्यावर बघू. त्याला खरं वाटलं, पट्टा जुनाच आहे. मसाला वहिनीनं रोजच्या कालवणात घालून संपवला आणि किराण्याबरोबर चटणीचं पाकीट आणलं. सगळ्या पेठेला तोंड बघून घ्या म्हणून मी सांगत फिरले, आणि आपल्या घरात बिनतोंडाची चटणी. जेवताना दादा म्हणतो, "बरी हाय की." बरी आहे, खोटं कशाला बोलू.

हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी आजही छाती झाली नसती. लिहून झालं, आता घडी घालून माळ्यावरच्या त्या मिरचीच्या पोत्यात खुपसून ठेवते. पोस्टानं जाण्यासारखं हे नाही. आपल्या मिरचीपुढं तुझ्या जागेवर दुसरं कुणी, अगदी दादासुद्धा, बसलेला मला बघवला नसता. पट्टा धड आहे, आई.